पाटीवरचे विधान

आई, तू गेलीस तेव्हा इथल्या, दुबई-शारजाच्या, गाड्यांच्या नंबराच्या पाट्या पत्र्याच्या होत्या. आकडे ठोकून उठवलेले असत, पाटी स्क्रूंनी घट्ट बसवलेली असे, आणि गाडी भंगारात जाईपर्यंत तिला स्वतःचे असे काही सांगायचे नसे. आता मी जिथे अधूनमधून काम करते त्या कंपनीने आपल्या काही गाड्यांना, प्रयोग म्हणून, मागच्या बाजूला पडद्याची पाटी बसवली आहे. मोबाइलसारखी काच असते आणि तिच्यावर नंबर उमटतो. नोंदणीची मुदत वाढवली की तारीख आपोआप बदलते. गाडी बेपत्ता आहे असे कंपनीच्या नियंत्रण कक्षाने ठरवले, तर ‘चोरीची गाडी’ असे अरबीत आणि इंग्रजीत लाल अक्षरांत झळकते. तुला हे समोर बसून सांगितले असते तर तू पहिला प्रश्न विचारला असतास, की असे ठरवतो कोण. मला तो प्रश्न सुचायला बराच वेळ लागला.

मी अजून काम करते हे तुला आवडले नसते, पण घरी बसून करायचे काय, हेही तुला सांगता आले नसते. हमरिया बंदरातल्या जहाज कंपनीतून निवृत्त झाले, आणि मग ड्रायव्हरसह गाड्या भाड्याने देणाऱ्या या कंपनीने मला तिच्या शिस्त समितीवर बाहेरची सदस्य म्हणून बोलावले. कोणाला कामावरून काढायचे असेल तर त्याचे म्हणणे कंपनीबाहेरच्या एका माणसाने ऐकलेले असावे, एवढाच माझा उपयोग. मागच्या महिन्यात आमच्यापुढे एका ड्रायव्हरचे प्रकरण आले. त्याची नोकरी जाणार होती. नोकरीबरोबर व्हिसा, आणि व्हिसाबरोबर त्याच्या बायकोचे आणि दहावीला बसलेल्या मुलीचे इथले राहणे. त्या दोघींना त्याने बऱ्याच खटपटीनंतर गावाहून आणले होते. त्या दिवशी मी तुझ्याकडून शिकलेले वापरले. ते नीट वापरले की नाही हे विचारावे असे माझ्या ओळखीत आता कोणी उरलेले नाही, म्हणून तुला लिहिते आहे.

शारजाच्या रोला भागातले आपले स्वयंपाकघर मला अजून जसेच्या तसे दिसते. कॉलेजातले तर्कशास्त्र शिकवणे संपवून तू नुकतीच शारजाला आमच्याकडे राहायला आलेली आहेस. खिडकीतून खालचे वाळूचे मोकळे आवार दिसते, तिथे सगळ्या इमारतींच्या गाड्या वेड्यावाकड्या लागलेल्या असतात. तू ओट्यापाशी उभी आहेस, दोडक्याच्या शिरा काढते आहेस, शिरांची चटणी व्हायची म्हणून त्या वेगळ्या ताटलीत पडताहेत. तुझी नात स्टुलावर चढून खाली पाहते आहे. तू मराठीत विचारतेस, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींनाही त्यात काही वावगे वाटत नाही. ती पांढऱ्या गाडीकडे बोट दाखवून सांगते, “आजी, दॅट्स द डॉक्टर्स कार.” तू विचारतेस, पाटीवर डॉक्टर लिहिलंय का. ती म्हणते, नो, जस्ट अ नंबर. तू सुरी खाली ठेवतेस आणि विचारतेस, “मग तो नंबर खरा आहे की खोटा?” पोरीने बराच वेळ कपाळाला आठ्या घातल्या आणि वैतागून म्हणाली, “हाउ कॅन अ नंबर बी ट्रू, आजी?” तू तिला डब्यातली शेंगदाण्याची चिक्की काढून दिलीस. माझ्याकडे वळून म्हणालीस, “हिला कळलं. नाव खरं नसतं आणि खोटंही नसतं. खरं-खोटं व्हायला आधी वाक्य लागतं.” मला वाटले, सवय सुटत नाही म्हणून तू घरात वर्ग भरवते आहेस. मी पोळ्यांना लागले.

तुझ्या वर्गात मी स्वतःही होतेच, आणि सुखाने नव्हते. शाळेतल्या वादविवाद स्पर्धेत मी पहिली आले त्या संध्याकाळची गोष्ट. समोरच्या मुलीला मी असे काही उडवून लावले होते की सगळे सभागृह हसले. घरी आले तेव्हा तू भाजी निवडत होतीस. कौतुकाची वाट पाहत मी उभी राहिले. तू मान वर न करता विचारलेस, “ती काय म्हणत होती?” मी तिच्या दोन वाक्यांची टर उडवून दाखवली. “हे तू म्हणतेस. ती काय म्हणत होती?” मला सांगता आले नाही. मग त्या आठवड्यात रोज जेवणाआधी तू माझ्याकडून त्या मुलीची बाजू मांडून घेतलीस. पूर्वपक्ष असा मांडायचा की ज्याची ती बाजू आहे त्याने मान डोलावली पाहिजे. तोवर उत्तरपक्षाला तोंड उघडायची परवानगी नाही. शेवटी एका दिवशी तू म्हणालीस, आता ती मुलगी इथे असती तर तिने तुझे आभार मानून तुला घरी नेले असते. पुढे वकिलीच्या परीक्षेत आणि नोकरीत मला ज्या गोष्टीने तारले ती हीच. तुझी शिकवण्याची तऱ्हा मात्र मला तेव्हा निष्ठुर वाटत असे, आणि अजूनही थोडी वाटते.

आणि एक दसरा. शेजारच्या बिऱ्हाडाने नवी गाडी घेतली होती आणि तिची पूजा करायला तुलाच बोलावले, कारण इमारतीत तेवढ्या वयाची दुसरी मराठी बाई नव्हती. तुझा या गोष्टींवर विश्वास किती होता हे तू कधी सांगितले नाहीस, पण बोलावल्यावर नाही म्हणत नसस. झेंडू मिळाला नव्हता, कुठल्याशा पिवळ्या फुलांचा हार होता. शेजारणीने हौसेने नंबराच्या पाटीवर कुंकवाची पाच बोटे उमटवली. तू पदराचे टोक पाण्यात बुडवून ती पुसून काढलीस आणि कुंकू बॉनेटला लावलेस. म्हणालीस, “देवाला कुठेही चालतं. नंबर दुसऱ्याला वाचता आला पाहिजे.” शेजारीण जरा हिरमुसली. दसऱ्याचा हा प्रसंग मी मुद्दाम लिहिते आहे, कारण समितीपुढच्या प्रकरणात तो त्या ड्रायव्हरच्या विरुद्ध जात होता, आणि माझ्या मनात तो आधीपासून होता.

आता प्रकरण. ड्रायव्हर चाळिशीचा, श्रीवर्धनच्या बाजूच्या एका गावचा, मुसलमान. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या कंपनीच्या वसाहतीत बरीच वर्षे एकटा राहिलेला, अलीकडेच बायको-मुलीसाठी शारजात भाड्याने खोली घेतलेला. शुक्रवारी दुपारी नमाजासाठी त्याने शारजातल्याच एका मॉलच्या तळघरात गाडी लावली. फोन गप्प करून ठेवला. तळघरात गाडीचा सिग्नल कंपनीपर्यंत पोहोचेना, फोन कोणी उचलेना, तेव्हा नियंत्रण कक्षातल्या कोणीतरी गाडी बेपत्ता म्हणून नोंदवली. नमाज आटोपून तो वर रस्त्यावर आला आणि सिग्नल परत मिळाला. त्याच क्षणी नियंत्रण कक्षाचा निरोपही पाटीला मिळाला. मागच्या पाटीवर काय दिसते आहे हे पुढे बसलेल्या माणसाला कळायचे कसे? लोक हॉर्न वाजवू लागले, बोटे दाखवू लागले. त्याला वाटले डिकी उघडी राहिली असेल.

एका हॉटेलपुढे त्याचे गिऱ्हाईक उभे होते, सामान घेऊन निघालेले एक भारतीय कुटुंब. त्याने गाडी लावली आणि सामान घ्यायला मागे आला. पाहतो तर त्यांची लहान मुलगी मोठ्याने वाचते आहे: “पप्पा, इट सेज स्टोलन.” वडिलांनी बॅगा उचलल्या आणि सगळ्यांना काचेच्या दारामागे नेले. दारावरचा माणूस, जो त्याला रोज सलाम करायचा, त्याने नजर दुसरीकडे ठेवून सांगितले की गाडी जरा पुढे घे, भाई. त्याने कंपनीला फोन लावला. फोनवर यंत्र बोलत राहिले. तेव्हा त्याने अंगातला गणवेशाचा काळा कोट काढला, मागच्या पाटीवर पसरला, कॉलर डिकीत धरून डिकी लावली, आणि तशीच गाडी चालवत कंपनीच्या आवाराकडे निघाला. वाटेत कॅमेऱ्याने फोटो टिपला. तो फोटो आमच्यापुढे टेबलावर होता. नंबराच्या जागी कोटाचा खिसा, आणि खिशावर कंपनीचे बोधचिन्ह. मी सहसा हसत नाही, पण ओठ आवळावे लागले.

समितीत आम्ही तिघे. मनुष्यबळ विभागाचा प्रमुख, ठाण्याचा, हुशार आणि घाईचा. गाड्यांच्या ताफ्याचा प्रमुख केरळचा, मितभाषी. आणि मी. बोलणे बहुतेक हिंदीत चालले. ड्रायव्हर खुर्चीच्या कडेवर बसला होता. त्याला विचारले की पाटी का झाकली, तर तो हिंदीत अडखळू लागला. मी मराठीत म्हटले, सावकाश सांगा. त्याने माझ्याकडे पाहिले आणि खुर्चीत नीट टेकून बसला. म्हणाला, “मॅडम, मी पळत नव्हतो. ऑफिसलाच येत होतो. पण आख्ख्या रस्त्याला ते वाचून दाखवत कसा येऊ? त्या रस्त्याला सगळे ओळखतात मला. बायको तिथेच भाजी घ्यायला येते.” त्याला बाहेर बसवले.

ठाणेकर म्हणाला, “मॅडम, इश्यू सिंपल आहे. नंबरप्लेट कव्हर केली. फोटो आहे. पॉलिसीमध्ये डायरेक्ट टर्मिनेशन आहे. खलास. प्लीज, इमोशनल नको व्हायला.” माझ्या आयुष्यात हे मला कोणी प्रथमच सांगत होते. मी म्हटले, मी तुमचीच बाजू मांडणार आहे, पूर्ण होऊ द्या.

आणि मी मांडली, आई, तू शिकवलीस तशी. रस्त्यावरची गाडी फक्त नंबराने ओळखता येते. जो नंबर झाकतो तो गाडीला निनावी करतो. निनावी गाडीने कोणाला उडवले, तर जखमी माणसाने शोधायचे कोणाला? झाकणाऱ्याचा हेतू चांगला होता असे म्हणून सोडून द्यायचे ठरवले, तर हेतू तपासायला रस्त्यावर कोणी उभा नसतो; प्रत्येक चोर चांगला हेतू सांगेल. म्हणून हा नियम हेतूकडे न पाहणारा असला पाहिजे, आणि तसा तो आहे. शिवाय हा माणूस झाकून थांबला नाही, झाकून गाडी चालवत गेला. पुढची पाटी पत्र्याची होती आणि ती दिसत होती, हे उत्तर पुरत नाही, कारण पळून जाणाऱ्या गाडीची मागची बाजूच दिसते. तुझा ओला पदर माझ्या डोळ्यांपुढे होता, त्यामुळे मला हे सगळे मनापासून बोलता आले. ठाणेकराने मोबाइल पालथा ठेवला, मान डोलावली आणि म्हणाला, “एक्झॅक्टली, मॅडम. मी इतकं नीट नसतं सांगितलं.”

तेव्हा मी पाट्या बसवणाऱ्या तंत्रज्ञाला फोन लावायला सांगितले आणि स्पीकरवर एकच गोष्ट विचारली: ती लाल सूचना येते तेव्हा नंबर कुठे दिसतो? पलीकडून उत्तर आले, “नंबर नहीं दिखता, मॅडम. अलर्ट पूरा स्क्रीन लेता है. दूर से पढ़ना चाहिए ना.”

मी म्हटले, मग कोट टाकला तेव्हा त्या पाटीवर नंबर नव्हता. जे तिथे नाही ते झाकता येत नाही. नंबर आधीच झाकला गेला होता, आणि तो नियंत्रण कक्षाने झाकला होता, म्हणजे आपण. पत्र्याची पाटी हे नाव होते. नाव कोणावर आरोप करत नाही, म्हणून त्याला पुरावा लागत नाही. आपण ते नाव पुसून त्या जागी एक विधान लिहिले: ही गाडी चोरीची आहे. विधान खरे किंवा खोटे असते, आणि जो ते करतो त्याला ते सिद्ध करावे लागते. हे विधान खोटे होते. आणि आपण ते ज्याच्याविषयी केले त्याच्याच पाठीवर लावून त्याला शहरभर फिरवले. नियम नंबर झाकण्याविषयी आहे. नियम मोडला, यात शंका नाही. कोणी मोडला, एवढेच ठरवायचे आहे.

ठाणेकराने फोटो पुन्हा जवळ ओढला. मग म्हणाला, “म्हणजे नोटीस आता आम्ही स्वतःलाच काढायची का, मॅडम?” केरळचा गृहस्थ त्या दिवशी पहिल्यांदा हसला आणि त्याने शिपायाला करक, म्हणजे इथला वेलदोड्याचा दाट चहा, आणायला सांगितले. चहा येईपर्यंत बडतर्फीचा प्रस्ताव मागे घेतला गेला होता.

इथे थांबले असते तर तू मला माफ केले नसतेस. मी पुढे म्हटले की याचा अर्थ ड्रायव्हर निर्दोष आहे असा होत नाही. नंबर दिसत नाही हे तपासून त्याने कोट टाकला नव्हता. नंबर असता तरी त्याने टाकला असता. त्याने जागेवर थांबून पोलिसांना फोन करायला हवा होता. म्हणून लेखी ताकीद द्यावी, आणि नियंत्रण कक्षाने यापुढे दुसऱ्या माणसाची खात्री घेतल्याशिवाय पाटीवर काही लिहू नये. दोन्ही गोष्टी मान्य झाल्या. ठाणेकर म्हणाला की मॅडम, तुम्ही कोणाच्या साइडने आहात तेच कळत नाही. मी ते प्रशस्तिपत्रच मानले.

ड्रायव्हरला आत बोलावून निर्णय सांगितला. नोकरी राहिली हे कळल्यावर त्याने दोन्ही हातांनी चेहरा पुसला आणि अल्लाचे नाव घेतले. मुलीला फोन करू का, असे विचारले. करून आला. मग ताकीद वाचली, सही केली, आणि कागद माझ्याकडे सरकवत, आवाज न चढवता, विचारले, “मॅडम, चूक तुमची होती, मग ताकीद मला का?” मी त्याला कारण सांगितले. त्याने ते नीट ऐकून घेतले. म्हणाला, “थांबायला पाहिजे होतं, बरोबर आहे. पण तसं लिहिलेल्या गाडीपाशी तुम्ही उभ्या राहिल्या असता?” मी म्हटले, राहावे लागले असते. तो म्हणाला, “लागलं असतं, ते खरं.” आणि गेला. माझ्या उत्तरात दोष नव्हता. तरी ते उत्तर मी त्या दिवशी अनेकदा तपासून पाहिले.

परवा समितीची दुसरी बैठक संपायला संध्याकाळ झाली आणि कंपनीने मला शारजाला सोडायला गाडी दिली. गाडी नेमकी त्या ड्रायव्हरची निघाली. इकडचे-तिकडचे बोललो. मुलीची पूर्वपरीक्षा चालू आहे, गणिताला घाबरते, बाकी इन्शाल्ला ठीक. बायकोला इथले दोडके पसंत नाहीत. पाटीचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. शारजाच्या हद्दीजवळ नेहमीसारखी वाहतूक तुंबली आणि आम्ही एका मोठ्या गाडीच्या मागे उभे राहिलो. तिला पडद्याचीच पाटी होती. आमच्या कंपनीची ती नव्हती; हा प्रयोग आणखी कोणी करत असावेत. आम्ही पाहत असताना त्या पाटीवरचा नंबर गेला आणि लाल अक्षरे उमटली.

त्या गाडीत कोण होते मला दिसले नाही. काच काळी होती. नमाजाहून परतणारा कोणी असेल, रुग्णालयाच्या तळघरातून वर आलेला असेल, जिचा फोन पर्समध्ये तळाशी राहिला अशी माझ्यासारखी एखादी बाई असेल. हे सगळे मला आता लिहिताना सुचते आहे. गाडी सुरू असली की आमची दारे आतून आपोआप लॉक होतात, हे त्यालाही माहीत होते. तरी त्याचा हात लॉकच्या बटणाकडे गेला आणि चारही दारांतून टक् असा आवाज आला. मग आपण काय केले ते त्याच्या ध्यानात आले. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिले आणि ओशाळून म्हणाला, “सॉरी, मॅडम. हात गेला.” मी शांतपणे म्हटले, “असू दे. चालायचंच.”

हे पत्र कुठे टाकायचे नाही, तेव्हा एवढे लिहायला हरकत नाही. त्याचा हात बटणाकडे गेला त्याआधीच मी शेजारच्या सीटवरची माझी पर्स उचलून मांडीवर घेतली होती. आरशात ती दिसत नाही.